आठ डॉलरचं घर

माझ्या मालकीची एकेचाळीस घरं आहेत आणि जवळजवळ सगळी इंग्लंडमधली. बऱ्याच घरांची खरेदीखतंही माझ्याकडे आहेत. हे वाचून कुणी कर्ज मागायला फोन करण्याआधी सांगून टाकते, की ही सगळी मालमत्ता मेरीलँडच्या आमच्या घरात जिन्याखालच्या तीन फळ्यांवर मावते. सगळ्यात मोठं घर माझ्या वितीएवढं आहे आणि सगळ्यात लहान काड्यापेटीएवढं.

सुरुवात २००४च्या दिवाळीत झाली. शेजारच्या अमेरिकन आजींना मी फराळाचा डबा दिला होता. आठ दिवसांनी त्यांनी डबा परत केला. डबा रिकामा परत करू नये हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे, पण आत टिश्यू पेपरात गुंडाळलेलं एक दगडी घर होतं. पुलावर बांधलेलं. खाली कमान, कमानीखाली निळसर पाणी, वर दोन मजली इवलंसं घर, बाहेरच्या बाजूने दगडी पायऱ्या, छपरावर पाटीच्या दगडाच्या फरश्या. बुडाला हिरवं मखमलीसारखं कापड चिकटवलेलं. मला वाटलं, काल्पनिक असेल, परीकथेतलं वगैरे. आजी म्हणाल्या, "नाही, असंच्या असं आहे. मी त्याच्यासमोर उभी राहून आले आहे."

ते होतं ब्रिज हाऊस. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइड गावात एका ओढ्यावर ते सतराव्या शतकापासून उभं आहे. गावातल्या एका श्रीमंत घराण्याने सफरचंदं साठवायला बांधलं म्हणतात. पुढे त्यात काय काय झालं! एका काळात खुर्च्या विणणारा एक माणूस बायको आणि सहा मुलांसह तिथे राहायचा. वर एक खोली, खाली एक खोली, माणसं आठ. आमच्या गिरगावातल्या मावशीचं बिऱ्हाड मला लगेच आठवलं. घर पडायला आलं तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून ते विकत घेतलं आणि नॅशनल ट्रस्टच्या हवाली केलं. ही १९२६ सालची गोष्ट.

छोटं घर हातात घेतलं की मोठ्या घराची अशी गोष्ट मागोमाग येते. मला याचीच चटक लागली. घरांची चटक नंतर लागली.

ही घरं बनवणारी कंपनी लिलिपुट लेन. डेव्हिड टेट नावाच्या माणसाने १९८२ साली इंग्लंडच्या उत्तरेला कंब्रियात, पेनरिथ गावाजवळ ती सुरू केली. नाव अर्थातच गलिव्हरच्या गोष्टीतल्या बुटक्यांच्या देशावरून. अशी घरं जमवण्याचा नाद मात्र त्याच्याही आधीचा. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या गॉस कारखान्याने १८९०च्या दशकातच चिनी मातीची छोटी ऐतिहासिक घरं काढली होती. सहलीला गेलेले लोक आठवण म्हणून ती घेऊन यायचे. आपण पंढरपूरहून बुक्का आणि चुरमुरे आणतो तसं. टेटच्याही आधी तीन वर्षं, १९७९मध्ये, डेव्हिड विंटर या शिल्पकाराने जॉन हाइनबरोबर अशीच घरं बनवायला घेतली होती. विंटरची आई फेथ विंटर हीही नावाजलेली शिल्पकार. विंटरची घरं थोडी वाकडीतिकडी, जुनाट, ओलसर वाटणारी. लिलिपुट लेनची घरं नीटनेटकी, बाग फुललेली. जमवणाऱ्यांत दोन तट असतात. मी दोन्हीकडची घेतली, पण मनातून विंटरवाली. त्याच्या घरांत कुणीतरी खोकत असेल असं वाटतं.

ती बनतात कशी, ते ऐकण्यासारखं आहे. आधी शिल्पकार खऱ्या घरासमोर जाऊन रेखाटनं करतो, सगळ्या बाजूंनी फोटो काढतो. मग मेणात घर कोरतो, खिडकीची काच, भिंतीवरचा वेल, छपराला ठिगळ लावलंय ते ठिगळसुद्धा. या मेणाच्या घरावरून रबराचा साचा निघतो. साच्यात प्लास्टरसारखं मिश्रण ओततात, घट्ट झालं की साचा मोज्यासारखा उलटा सोलून काढतात. रबरच का, तर घराला वळचणी असतात, खोबणी असतात. कडक साच्यातून ते सुटंच निघणार नाही. मग कडा तासायच्या आणि रंगवायचं. रंग मात्र हाताने, एकेक घर. रंगवणाऱ्या बऱ्याच बायका आपापल्या घरी बसून हे काम करायच्या, आपल्याकडे पापड लाटायला नेतात तसं. त्यामुळे एकाच नमुन्याची दोन घरं शेजारी ठेवली तर एकीचे गुलाब लालभडक आणि दुसरीचे जरा हात आखडता घेतलेले. माझ्याकडे एकाच घराच्या अशा तीन प्रती आहेत. नवरा म्हणतो तीन कशाला? मी म्हणते, तिघी वेगळ्या आहेत.

आता खरेदीखताचं सांगते. लिलिपुट लेनच्या प्रत्येक घराबरोबर खोक्यात एक छापील कागद यायचा आणि त्याला ते 'डीड' म्हणायचे. घराचं नाव वगैरे घालून, जुन्या दस्तऐवजासारखा. गंमत म्हणून केलेलं. पण मला त्या कागदाचं फार अप्रूप. कारण राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराचा ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा अजून पणजोबांच्या नावाने निघायचा.

१९८०-९०च्या दशकांत अमेरिकेत या घरांचं वेड होतं. संग्राहकांचे क्लब होते, फक्त सभासदांसाठी काढलेली घरं होती, 'या वर्षानंतर हा साचा मोडणार' अशा घोषणा होत्या, आणि कुठलं घर आज किती डॉलरला जातं याची दरवर्षी पुस्तकं निघत. रे डे या अमेरिकन चित्रकाराबरोबर लिलिपुट लेनने इथल्या इमारतींचीही मालिका केली. लोक घरं घेऊन खोक्यातच ठेवायचे, भाव वाढेल म्हणून. मग इंटरनेटवर लिलाव सुरू झाले आणि एका रात्रीत सगळ्यांना कळलं की आपल्याकडे जे 'दुर्मीळ' आहे ते शेजारच्या प्रत्येक गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर आहे. भाव कोसळले. जमवणारी पिढी म्हातारी झाली, मुलांना नको झालं. लिलिपुट लेनचं उत्पादन २०१६च्या अखेरीला बंद पडलं.

माझ्यासारख्या उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला हे सोयीचं होतं. मी जवळजवळ सगळी घरं इस्टेट सेलमधून घेतली. इस्टेट सेल म्हणजे काय ते भारतातल्या वाचकांसाठी सांगते. घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात हललं की मुलं एखाद्या कंपनीला बोलावतात. ती कंपनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर किमतीचा गोल कागद चिकटवते आणि शनिवारी सकाळी दार उघडते. चमचे, पडदे, लग्नातले ग्लास, अर्धी वापरलेली लोकर, सगळ्यावर किंमत. अनोळखी लोक बेडरूममध्ये फिरतात, कपाटं उघडतात. रविवारी दुपारी सगळं अर्ध्या किमतीत. पहिल्यांदा गेले तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं. पुढे सवय झाली.

२०१३मध्ये शेजारच्या आजींच्याच घरी सेल लागला. त्या मुलीकडे ओहायोला गेल्या होत्या. त्यांची सगळी घरं जेवणाच्या टेबलावर मांडलेली, प्रत्येकावर आठ डॉलर. त्यांनी एकेकाला किती मोजले होते ते मला माहीत होतं, कारण कौतुकाने त्यांनीच सांगितलं होतं. मी नऊ घरं उचलली. त्यांच्या मुलाने पिशवी दिली आणि विचारलं, "तुम्हाला खरंच हवीत ही?" त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखर कळत नव्हतं.

त्या नवांत ॲन हॅथवेचं घर होतं. म्हणजे शेक्सपिअरच्या बायकोचं माहेर, स्ट्रॅटफर्डजवळ शॉटरी इथलं. लिलिपुट लेनने, विंटरने, गॉसने, प्रत्येकाने ते बनवलंय. ते नसेल तर संग्रहाला संग्रह म्हणत नाहीत. माझ्याकडे त्याची एक छोटी प्रत आधीपासून होती आणि तिच्यामुळेच एक गोष्ट झाली होती. २००६ साली आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बाबांनी ते घर चष्मा वर करून, उलटं करून, खिडकीच्या उजेडात नेऊन बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे तर कुडाचं घर!"

मी म्हटलं, "बाबा, शेक्सपिअरच्या सासऱ्यांचं आहे."

"असेल. पण कुडाचंच आहे. हे बघ लाकडाचे वासे, मधल्या जागेत काड्या विणायच्या आणि वरून माती-शेण लिंपायचं. आणि वर गवताने शाकारलेलं."

मी नंतर वाचलं, तर बाबांचं अक्षरन् अक्षर बरोबर. ओकच्या लाकडाचा सांगाडा, मध्ये विणलेल्या फांद्या, त्यावर चिकणमाती, पेंढा आणि शेण यांचा गिलावा. आपल्याकडे कारवीच्या काड्या, त्यांच्याकडे हेझलच्या. फरक एवढाच की आपलं गवत कोकणातल्या पावसात एका वर्षात कुजतं, म्हणून दर मे महिन्यात शाकारणी. त्यांच्याकडे बोरूसारखं गवत हातभर जाड रचतात आणि ते कित्येक दशकं टिकतं. ते घर पाचशेच्यावर वर्षं उभं आहे. १८९२ साली शेक्सपिअरच्या नावाच्या ट्रस्टने विकत घेतलं. १९६९मध्ये त्याला आग लागली, तर पुन्हा जसंच्या तसं दुरुस्त केलं. शेण-मातीचं घर म्हणून कुणी नाक मुरडलं नाही.

बाबा त्या दिवशी नंतर गप्पच होते. रात्री जेवताना म्हणाले, "आपल्या घरात मधली भिंत कुडाची होती. आईचं सारवण काय असायचं! हात फिरवला तर खर लागायची नाही."

आमच्या मुलालाही ही घरं आवडायची, त्याच्या पद्धतीने. मंडळाच्या किल्ले स्पर्धेसाठी आम्ही दरवर्षी मागच्या अंगणात किल्ला करायचो. ऑक्टोबरअखेर इथली माती गारठलेली असते, बोटं बधिर होतात, आळीव उगवत नाही, म्हणून आम्ही किल्ल्यावर शेवाळ लावायचो. एका वर्षी रायगड केला. महाराज, मावळे, तोफा सगळं झालं आणि पठ्ठ्याने पायथ्याशी माझं ब्रिज हाऊस नेऊन ठेवलं. परीक्षक काकांनी विचारलं, हे काय? हा म्हणतो, "ते ऑक्झेंडनचं घर आहे. तो राज्याभिषेकाला आला होता." आता ६ जून १६७४ला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन रायगडावर हजर होता, हे खरं. त्याने सोबत घर आणलं नव्हतं, हेही खरं. पण काकांनी हसत हसत दुसरा नंबर दिला. मी मनात म्हटलं, आमच्या राजापुरातली इंग्रजांची वखार महाराजांनी १६६१ साली लुटली होती, तेव्हा इंग्रजांचं एखादं घर आमच्या ताब्यात असायला हरकत नाही.

माझं हे बरं चाललं होतं. मधे शिकागोला गेलो तेव्हा आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये थॉर्न यांच्या छोट्या खोल्या बघितल्या. नार्सिसा थॉर्न या बाईंनी १९३०च्या दशकात कारागीर हाताशी धरून त्या करवून घेतल्या. अडुसष्ट खोल्या, सगळ्या फुटाला एक इंच या मापात. इंग्रजी दिवाणखाने, फ्रेंच शयनगृहं, अमेरिकन स्वयंपाकघरं. काचेला नाक लावून दोन तास घालवले. खिडकीबाहेरचा उजेडसुद्धा सकाळचा की संध्याकाळचा ते कळतं. युरोप आणि अमेरिका संपल्यावर एक चिनी खोली आहे, एक जपानी. आपलं माजघर काही नाही. मी हसले आणि पुढे गेले. तेव्हा ते मनाला लागलं वगैरे नाही.

लागलं २०२२च्या पावसाळ्यात. चिपळूणच्या चुलतभावाचा फोन आला, गावच्या घराची मागची भिंत बसली. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली काळोखी खोली, दोन्ही गेली. पुढच्या भागावर निळी ताडपत्री टाकली आहे. दुरुस्तीचा खर्च कुणालाच झेपणारा नाही आणि झेपला तरी राहणार कोण? जागा विकायचं ठरतंय. बाबा, आत्या आणि हा भाऊ, तिघांचं एकमत झालं होतं. आमच्याकडे जमिनीवरून इतक्या शांतपणे एकमत होणं म्हणजे सगळे दमले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

भाऊ चांगला आहे. त्याने एक शब्द लावून बोलला नाही. पण मला आठवत होतं, २०११मध्ये त्याने नळे परतायला पैसे मागितले होते. नळे म्हणजे आपली जुनी अर्धगोल कौलं. ती दरवर्षी पावसाआधी उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा नीट लावावी लागतात. मी पैसे पाठवले. त्यानंतर त्याने मागितले नाहीत, आणि मी विचारलं नाही. एक रात्र मी जिन्याखाली बसून हिशेब केला. एकेचाळीस घरांना मिळून जेवढे डॉलर गेले होते तेवढ्यात नळे किती वेळा परतून झाले असते, ते इथे लिहीत नाही. नवरा म्हणाला, "असा हिशेब मांडायचा नसतो." मांडून झाला होता.

त्या हिवाळ्यात मी आमचं घर करायला घेतलं.

मला शिल्पकाम येत नाही. मेण कोरणं वगैरे जमणारं नव्हतं. पण इथे हॉबीच्या दुकानात बासवूडच्या पातळ पट्ट्या मिळतात, हवेत सुकणारी माती मिळते. फुटाला पाव इंच असं माप धरलं, म्हणजे घर साधारण फूटभर लांब होईल. जांभ्या चिऱ्याच्या जोत्यासाठी लाल मातीत कॉफीचा चोथा मळला. चिऱ्याला जी भोकं असतात ना, ती हुबेहूब आली. नळ्यांसाठी कॉफी ढवळायच्या बारीक प्लास्टिकच्या नळ्या उभ्या चिरून, तुकडे करून, विटकरी रंगवल्या. किती? मोजणं नवव्या शेकड्यानंतर सोडून दिलं. पुढच्या पडवीवर मंगलोरी कौलं होती, ती आजोबांनी मागाहून घातलेली. मंगलोरी कौलंही मुळात आपली नव्हेत बरं का. बासल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, तिथून ती किनाऱ्याने वर आली. ती मी जाड पुठ्ठ्याच्या पन्हाळीतून कापली.

खरा प्रश्न मापांचा. उभा होता तेवढा भाग भावाने टेपने मोजून व्हिडिओ पाठवला. त्याआधी मी बाबांना विचारून एक कागद केला होता. बाबांनी सांगितलेली ओटी तीस फूट, टेपने भरली एकवीस. बाबांचा माजघराचा दरवाजा "चांगला उंच", टेपने सव्वापाच फूट. अंगण तर त्यांच्या हिशेबाने शिवाजी पार्कच होतं. मी चेष्टा केली तर बाबा जरा ओशाळले. मग माझ्या लक्षात आलं, मॅट्रिकनंतर ते मुंबईला आले. त्यांच्या डोक्यातलं घर आठ-दहा वर्षांच्या मुलाने मोजलेलं आहे. त्यांनी आपली पावलं मोजली होती, पण ती त्या वेळची.

टेपने मोजता येण्यासारखं जिथे काही उरलंच नव्हतं तिथे खरी पंचाईत झाली. मागची पडलेली बाजू. तिचा एकही फोटो नाही. फोटो काढायचे ते तुळशीसमोर किंवा ओटीवर. स्वयंपाकघराच्या मागे जाऊन फोटो कोण काढतो? बाबा म्हणाले, काळोख्या खोलीला मागे सरळ भिंत होती, खिडकी-बिडकी नाही. मी तसं केलं. डोंबिवलीच्या आत्याला दाखवलं. आत्या ७९ वर्षांची, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. म्हणाली, "खिडकी कुठाय?"

"बाबा म्हणाले, नव्हती."

"दादाला काय ठाऊक? तो त्या खोलीत कधी गेला होता? ती बाळंतिणीची खोली. जन्मला तेव्हा काय तो असेल तेवढाच."

मग तिने सांगितलं. हातभर रुंद, दीड हात उंच खिडकी, विहिरीच्या बाजूला. बाळंतीण चाळीस दिवस आत. बाहेर येता येत नाही, पण विहिरीवर कोण आलं, कुणाची कळशी बुडाली, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं त्या खिडकीतून कळायचं. आजी स्वतः तिथे सहा वेळा बसली होती. आत्याची थोरली तिथलीच. आत्या म्हणाली, "चुलीचा धूर त्या खोलीत यायचा. खिडकी नसती तर आम्ही मेलो असतो."

मी दोघांना एका कॉलवर घेतलं. हे करायला नको होतं. बाबा म्हणत होते, त्या बाजूने पावसाचा झोड यायचा, तिथे खिडकी ठेवणं शक्य नाही. आत्या म्हणाली, पावसाळ्यात बाहेरून माडाच्या झावळीचा झाप बांधायचे, म्हणून तुला दिसली नाही आणि उन्हाळ्यात तू आंब्याखाली असायचास. पाच मिनिटं नुसतं तू-तू मी-मी. मग बाबा थांबले. म्हणाले, "असेल. विहिरीवरून मी हाक मारली की आई आतून 'ओ' द्यायची. कुठून ओ देते हा विचार कधी केला नाही."

मी भिंत कापून खिडकी केली.

बाबांनी माझ्याकडे एकच मागणी केली, ताडपत्री दाखवू नकोस. नाही दाखवली. माझ्या फळ्यांवरच्या सगळ्या इंग्रजी घरांत बारा महिने ऊन असतं, गुलाब फुललेले असतात, कुणाचंही छप्पर गळत नाही. ब्रिज हाऊसमधली ती आठ माणसं कुठेच दिसत नाहीत. मला हे नेहमी जरा खोटं वाटत आलंय, आणि तरी मी ताडपत्री वगळली. पण स्वयंपाकघरावरचे नळे मी बाकीच्यांपेक्षा काळे केले आहेत. धुराने ते तसे होतेच.

एप्रिल २०२३मध्ये उरलेलं घर पाडलं. भावाने फोटो पाठवला. लाल सपाट जागा, कडेला चिऱ्यांची रास, विहिरीचा कठडा तेवढा शिल्लक. मी तो फोटो बाबांना पुढे पाठवला नाही. त्यांनी मागितलाही नाही. चिरे कुणीतरी गडग्यासाठी विकत घेतले. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या भावाने काढून ठेवल्या आहेत, प्रत्येकाला एक. आमच्या कडीला इथे यायला बॅगेत जागा मिळाली की येईल.

घर पुरं व्हायला दिवाळी उजाडली. मधल्या फळीवर, ॲन हॅथवेच्या शेजारी ठेवलंय. दोन्ही कुडाची. आजींच्या मुलासारखा प्रश्न आमच्या मुलालाही कधीतरी पडणारच आहे, म्हणून मी त्याला आत्ताच विचारून टाकलं. तो आता बॉस्टनला नोकरी करतो. म्हणाला, "इंग्लिश घरांतलं ऑक्झेंडनचं दे. बाकीचं तू बघ." आणि गावचं? "ते तर घेणारच ना," म्हणाला, पण लगेच विचारलं, "फुटलं तर?" तुमच्यापैकी कुणाकडे असे संग्रह असतील तर ही विचारपूस वेळेत करून ठेवा. इस्टेट सेलवाले बुडाची गोष्ट विचारत नाहीत.

पाडव्याला व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, त्यामुळे मला फक्त त्यांची एक भुवई दिसत होती. "फिरव," म्हणाले. मी घर फिरवलं. ओटी, पडवी, गोठ्याची बाजू. "अजून फिरव. मागे." खिडकी आली. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विहीर ह्याच्या समोर हवी. तू डावीकडे घेतलीस." मी विहीर उचलून समोर ठेवली. "हां."

आत्याला दुसऱ्या दिवशी दाखवलं. तिने बघितलं, डोळे पुसले, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "गज उभे होते गं. तू आडवे लावलेस."

टूथपिकचे चार गज. मी त्याच संध्याकाळी चिमट्याने उपटून काढले आणि उभे लावले.